आईकडून आलेलं

खिरीचा घास कस्तुरीच्या ओठांवरून तसाच हनुवटीवर ओघळला, सासूबाईंनी तो पदराच्या टोकानं पुसला, आणि कस्तुरीनं मुकाट्यानं पुसू दिला. एवढंच झालं. पाटाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण तोंड पुसणं हा आमच्या घरातला रोजचा तमाशा आहे. ओला रुमाल लांबून दिसला तरी ही सात महिन्यांची बया मान फिरवते, पाठीची कमान करते आणि असा गळा काढते की शेजारच्या पाठशाळेतली संथा थांबते. आज ती तिच्या मामाच्या मांडीवर खणाचं परकर-पोलकं घालून बसली होती, गळ्यात सोन्याची साखळी, कपाळाला कुंकू, आणि समोर बघत होती. कुणाकडे ते मात्र कळत नव्हतं. "बघा, कशी शहाण्यासारखी बसलीय माझी बाय," सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसले असेन. मी मात्र तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

ताप सोमवारपासून होता. "दात येताहेत," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. दात येताना ताप येतोच, मूल किरकिरतंच, आमचा विश्वेश तर तोंडभर दात येईपर्यंत तापत होता, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. गल्लीतले डॉक्टरही म्हणाले, वायरल है बहूजी, घर घर में चल रहा है. मीच हट्टानं काल रक्त द्यायला लावलं, त्याचा रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता. आणि आज सकाळी ताप उतरला. अंग घामेजलं, थर्मामीटरचा आकडा खाली आला, आणि घरात लगेच नारळ खवायला घेतला गेला. मुहूर्त महिन्यापूर्वीच निघालेला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं, सातवा सरत आला होता, पहिला घास भरवायला माझा भाऊ आदित्य खास नाशिकहून आला होता आणि उद्या परत निघणार होता. माझे सासरे वेणीमाधवशास्त्री, घरात आणि घाटावर सगळ्यांचे आप्पा, जन्मभर दुसऱ्यांचे मुहूर्त सांभाळत आलेले. ते स्वतःच्या नातीचा चुकवतील होय? "बुखार तर गेला ना आता," विश्वेश म्हणाला. माझा नवरा इथं काशीत, रामघाटावरच जन्मला, मराठी बोलता बोलता त्याची हिंदी कधी होते त्याचं त्याला कळत नाही. "छोटंसंच करू. मग झोपू दे तिला आरामसे." मी हो म्हटलं. हो म्हटलं, कारण मलाही तो ताप गेलेलाच हवा होता.

आणि मला माहीत होतं. यातला धोका ताप चढताना नसतो, उतरल्यावर असतो, हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला माहीत नसेल, पण मला होतं. त्याचाच मला पगार मिळतो. विद्यापीठात मालविका मॅडमच्या हाताखाली मी डेंग्यूवर काम करते. आमचा प्रश्न असा की ताप सगळीकडे तोच, डासही तोच, दिवसाढवळ्या चावणारा, पायांवर पांढरे पट्टे मिरवणारा. मग एका वस्तीत माणसं अंग दुखतं म्हणून दोन दिवस पडतात आणि उठून कामाला लागतात, आणि दुसऱ्या वस्तीत त्याच तापानं इस्पितळं का भरतात? मी घरोघर जाते, विचारते, लिहून घेते. लोकांकडे उत्तरं तयार असतात. आम्ही गंगेचं पाणी पितो, आम्हाला काय धाड भरलीय. बाहेरून आलेल्यांनाच होतो. आपली मराठी घरं म्हणतात बंगाल्यांना जास्त होतो, बंगाली घरं म्हणतात मराठ्यांना जास्त होतो, आणि पैलतीरावरच्या नव्या वस्तीतले म्हणतात, ही सगळी तुमच्या शहराची देणगी. मॅडम कुणालाच हसत नाहीत. म्हणतात, थोडं थोडं सगळ्यांचंच खरं आहे. काही वाडवडलांकडून रक्तातच आलेलं असतं, जगात असेही लोक आहेत ज्यांना हा ताप येतो पण सहसा जड जात नाही. काही वयावर असतं, काही इस्पितळात किती लवकर पोचलात त्यावर. आणि बरंचसं यावर, की हा रोग तुमच्याकडे किती जुना आहे. पहिल्यांदा झाला की शरीर त्याला ओळखायला शिकतं. पण त्याचे प्रकार चार. पुढच्या खेपेला दुसरा प्रकार आला की ती अर्धवट ओळखच नडते. म्हातारा पहारेकरी नव्या चोराला घरचा पाहुणा समजून हाताला धरून आत घेऊन येतो, असं मॅडम समजावून सांगतात. सांगताना स्वतः हाताला धरून आत आणल्याचा अभिनयही करतात.

बाळांचं त्यांनी सांगितलं तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि मी समोसा खात होते. जिथं रोग नवा, तिथं मोठी माणसं आडवी होतात, तान्ही मुलं बहुतेक बचावतात. जिथं रोग जुना, तिथं उलटं. आईला कधीतरी होऊन गेलेला असतो, तिच्या रक्तातली ती ओळख पोटातल्या बाळाला नाळेतून मिळते. पहिले काही महिने ती भरपूर असते आणि बाळाला राखते. मग विरत जाते. पार संपून गेली तरी फारसं बिघडत नाही. मधला काळ वाईट. राखण्याइतकी उरलेली नसते, घात करण्याइतकी असते. सहावा, सातवा, आठवा महिना. मी समोसा संपवला आणि विचारलं, "मग आईनं द्यायचंच नाही का?" "देणं न देणं आईच्या हातात असतं होय, बकुळ?" मॅडम म्हणाल्या. त्यावर मी काहीतरी फाजील बोलले आणि आम्ही दोघी हसलो. नाशिकचा माझा स्वतःचा ताप मला तेव्हा आठवलाही नाही. मी सहावीत होते. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे रुतवतंय असं दुखायचं, आई पपईच्या पाल्याचा रस नाक दाबून पाजायची, आणि अंगावर पुरळ उठलं तेव्हा आदित्य मला टोमॅटो म्हणून हाक मारायचा. सगळी गल्ली त्या वर्षी तापली होती. बरी झाले, शाळेत गेले, विसरले. आठवलं ते या सोमवारी, कस्तुरीचं अंग माझ्या छातीला भाजलं तेव्हा. तेव्हापासून मी मनात महिने मोजत होते आणि मोजत नाही असं दाखवत होते.

मी पुढे झाले आणि तिच्या पायाला हात लावला. गार. तळवे नळाखाली धरल्यासारखे. पोट गरम आणि जरा फुगलेलं. पायाचा अंगठा दाबून सोडला, तो पांढरा झाला आणि तसाच राहिला, रंग यायला फार वेळ लागला. लंगोट चाचपला. कोरडा. "विश्वेश, ही सकाळपासून ओली झालेली नाही," मी म्हटलं. "पसीना कितना गेला ना, म्हणून," तो म्हणाला. "दूध कमी प्यायली असेल," आदित्य म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, एक घास तर पोटात जाऊ दे. औक्षण राहिलंय." आणि त्यांनी सोन्याची अंगठी वाटीत बुडवून खीर पुन्हा तिच्या ओठांना लावली. कस्तुरीनं ओठ मिटलेही नाहीत आणि उघडलेही नाहीत. मी तिला आदित्यच्या मांडीवरून उचललं. तिची मान माझ्या खांद्यावर पडली, टेकली नाही, पडली. "मला मोठ्या इस्पितळात जायचंय. आत्ता," मी म्हटलं. माझा आवाज असा काही निघाला की आदित्य उभाच राहिला.

आत्ता म्हणायला काय जातं? भरतमिलापाचा दिवस, सगळी काशी सोहळ्याला रस्त्यावर. मैदागिनच्या चौकापर्यंत धावत गेलं तरी पुढे रस्ते बंद, माणसांचा नुसता चिखल, रिक्षा मिळणार नाही. राहिली नदी. पायऱ्या उतरलं की नाव, नावेनं अस्सी घाटापर्यंत, तिथून ऑटो. "पाण्यातून नको," सासूबाई म्हणाल्या. चढ्या आवाजात बोलणाऱ्या बाई नव्हेत त्या, पण वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांच्या सासूच्या सासूपासून या घरात रीत आहे, पहिला घास पोटात गेल्याशिवाय लेकरू मणिकर्णिकेच्या चितांसमोरून न्यायचं नाही. कस्तुरी झाली तेव्हाही आम्हाला गल्ल्यागल्ल्यांतून घरी आणलं, टाके ओढत होते आणि मी दगडांवरून खुर्चीत बसून हिंदकळत आले, मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत. आज चिडायला सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मलाही वाटलं की हिनं एक घास गिळलाच तर बरं. रोगाचे तक्ते भरणारी, पगार घेणारी मी, त्या चांदीच्या वाटीकडे बघत उभी राहिले. गिळ गं, एवढंसं गिळ. सासूबाई काही दुष्ट नव्हत्या, त्यांनाही नात हवीच होती.

तेवढ्यात आप्पा उठले. "उष्टावण झालं," ते म्हणाले. "घास गेला. मी पाहिलं." त्यांनी काही पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं, कारण घास तिच्या पोलक्यावर पडला होता. यजमान कितीही बडा असो, हातातलं पाणी बोटांच्या चुकीच्या बाजूनं सुटलं तर पुन्हा संकल्प म्हणायला लावणारा हा माणूस. महाराष्ट्रातून आलेले लोक त्यांना वचकून असतात, मीही असते. ते सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलले आणि खुंटीवरची छत्री काढायला वळले. "विश्वेश, नाव बोलाव. मोटरवाली." सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वाट सोडली.

नावेत बसल्यावर हातांना काम उरलं नाही आणि डोकं सुटलं. पाणी अजून गढूळ होतं, घाटांच्या खालच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ तसाच, पंपाच्या पाण्यानं कुणी तो धूत होतं. विश्वेश नावाड्याला सारखं भैया जरा तेज, भैया जरा तेज म्हणत होता. रोज मी माणसं गटागटानं मांडते. जुन्या शहरातली, नव्या वस्तीतली, बाहेरून आलेली. हिला कुठं बसवू? जन्म काशीतला, बाप काशीचा, आप्पांचे पणजोबाही काशीतच गेले. पण आता तिच्या अंगात जे चाललंय ते नाशिकचं, माझ्या सहावीतलं. मंगळवारी सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे नाही बाई कुणाला असा ताप येत." म्हणजे तुमच्याकडून आला. मी दिवसभर धुमसत होते. तुमच्याकडे येत नाही कारण तुम्हा सगळ्यांना कधीच येऊन गेलाय, हे त्यांना तोंडावर सुनवायचं मी ठरवूनही ठेवलं होतं. आता वाटत होतं की त्या निम्म्या बरोबरच होत्या. बापाकडून यातलं काही येत नाही, आजोबांकडून येत नाही, येतं ते आईकडून. या गल्लीतली मुलगी विश्वेशनं केली असती तर तिच्याकडूनही आलंच असतं, हेही मी लगेच मनात मांडलं. मग माझी मलाच शिसारी आली. पोर मांडीवर गार पडत चाललीय आणि मी सासूशी भांडण जिंकतेय.

बहुतेक मुलं नुसती तापून उठतात. हा 'बहुतेक' मी दिवसातून कितीदा लिहिते. फार सोयीचा शब्द, त्यात सगळी मावतात. एका वस्तीत जास्त का आणि दुसरीत कमी का, हे मॅडम तासभर सांगू शकतात, मीही अर्धा तास सांगेन. पण त्या बहुतेकांत ही एक आहे की नाही, ते मॅडमनाही सांगता येणार नाही, कुणालाच नाही. ही मरेल, असं मी मनात सरळ म्हणून बघितलं. म्हटलं की भीती थोडी बोथट होईल असं वाटलं होतं. झाली नाही. मी तिच्या तळव्याला चिमटा काढला. ती रडली नाही, नुसता पाय आखडला. रड ना गं. रोज मी तिला गप्प हो, गप्प हो म्हणत असते, मीटिंग असली की दुसऱ्या खोलीत पाठवते. आणखी एकदा चिमटा काढला, जोरात, लाल वळ उठायला हवा होता इतका.

शिंदे घाट मागे पडला, पुढे मणिकर्णिका, आणि आप्पा उठले. नाव हलली, विश्वेशनं त्यांचा दंड धरला. ते काठाच्या बाजूला येऊन माझ्या अगदी जवळ बसले आणि त्यांनी छत्री उघडून आडवी धरली. ऊन त्या बाजूला नव्हतंच. मला काळं कापड दिसत होतं, त्याच्या तारा, एका जागी सासूबाईंनी घातलेला टाका. "तिच्याकडे बघ," ते म्हणाले. धूर आलाच, छत्रीनं कुठं अडतो. लाकडं उतरवणाऱ्यांच्या हाका आल्या. ज्या घाटावर आप्पांनी हजारो लोकांना न रडता विधी करायला शिकवलं, तिकडे पाठ करून ते बसले होते आणि त्यांची छत्री धरलेली मूठ पांढरी पडली होती. मला वाटलं, त्यांना आपण खोटं बोललो त्याची भीती वाटतेय. मग त्यांनी दुसऱ्या हातानं कस्तुरीचं पाऊल मुठीत घेतलं आणि अस्सी येईपर्यंत ते चोळत राहिले. मला त्यांना सांगायचं होतं की चोळून काही होणार नाही, रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपतंय. मी तिचं दुसरं पाऊलही त्यांच्याकडे सरकवलं.

इस्पितळात मग भराभर झालं. डॉक्टर अंतरा म्हणून होत्या, लहान चणीच्या, मराठीच, वडील रेल्वेत होते म्हणून इथं वाढलेल्या. पण घाईत त्यांची हिंदीच होती. त्यांनीही अंगठा दाबला आणि रंग यायची वाट पाहिली. हाताची शीर मिळेना, पायाची मिळेना, मग कोपराच्या आत कुठंतरी सुई लागली आणि सलाइन सुरू झालं. तेव्हासुद्धा ती रडली नाही, मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज केला. "डेंगू ही लग रहा है. बुखार उतरने के बाद यही होता है," त्या म्हणाल्या. "कल तक कुछ नहीं कहूँगी." आणि मग, नळीतला थेंब न्याहाळत, सहज विचारल्यासारखं, "आपको कभी हुआ था?" मी म्हटलं, "हो. लहानपणी." त्यांनी मान हलवली. थेंबांचा वेग थोडा वाढवला. "इससे क्या फर्क पड़ता है?" विश्वेशनं विचारलं. त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या होत्या, म्हणून मग मीच सांगितलं. नाळ, ओळख, राखणं, विरणं, मधले महिने, सगळं सांगितलं, जसं घरोघर सांगते तसं, सोप्या शब्दांत. तो ऐकत राहिला. "मतलब, तुझ्यामुळे?" तो म्हणाला. मग लगेच, "नहीं नहीं, तसं नाही गं, मला असं नव्हतं म्हणायचं." त्याला तसं म्हणायचं नव्हतंच, मला माहीत आहे, तो साधा माणूस आहे. पण म्हणून तर ते सरळ आत जाऊन बसलं.

त्यानंतर मी तिला हात लावला नाही. कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं लावला नाही. सलाइन बघायचं असेल तर बाटलीकडे बघायची, चादर सरळ करायची असेल तर टोकाला धरून करायची. ती विश्वेशच्या मांडीवर होती, मग आदित्यच्या, मग पुन्हा विश्वेशच्या. संध्याकाळी रिपोर्टचा मेसेज आला, डेंग्यूच. तो आता कुणाला हवा होता? माझी छाती दुधानं ठणकायला लागली. दगड झाली, ब्लाउज भिजला, आणि मी बेसिनशी जाऊन दूध पिळून टाकलं. पांढरी धार नळाच्या पाण्यात जाताना बघत राहिले. कळत होतं की दुधाचा यात काही दोष नाही, हे मी स्वतः कितीतरी बायकांना सांगितलंय. तरी पिळत राहिले. सात महिने मी ज्याला देणं म्हणत होते ते काय होतं? मी तिला माझ्या आईचा आवाज दिला, नाशिकची अंगाईगीतं दिली, माझं चिडणं दिलंच असणार. आणि हे. न विचारता, न कळता, झोपेत असताना सुद्धा देत होते. आणखी काय काय दिलं असेल आणि ते कुठल्या महिन्यात बाहेर येईल? शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, बच्ची को छूती क्यों नहीं हो, छूने से बच्चे को ताकत मिलती है. मी तिला म्हटलं, मेरे हाथ गंदे हैं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोट ओला झाला. विश्वेशनं तो सगळ्यांना दाखवला, वेड्यासारखा, उचलून. आप्पांनी हात जोडले. कशाला जोडले, लंगोटाला की कुणाला, मला विचारायचा धीर झाला नाही, पण हसू आलं. डॉक्टर अंतरा आल्या, त्यांनी अंगठा दाबला, रंग लगेच परतला, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. सलाइनचा वेग कमी झाला. दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या, मेतकूट-भात, आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. विश्वेशनं त्यांना सगळं सांगितलं होतं, ते त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. मी तयारीत बसले, म्हणाल ते ऐकून घेईन अशा. त्या बराच वेळ डब्याचं झाकण उघडत होत्या, ते बसलं होतं घट्ट. "माझा दमा विश्वेशनं घेतला," त्या म्हणाल्या. "लहानपणी रात्र रात्र उठून बसायचा. मला वाटायचं, माझ्या छातीतनं उचलून कुणी त्याच्या छातीत ठेवलाय. माझ्या आईचं पित्त माझ्याकडे आलं. कुणी विचारून देतं का गं?" झाकण निघालं. "मंगळवारी मी जरा जास्तच बोलले. तोंड आहे, बोललं जातं. खा आता." मी घास घेतला आणि मला रडू फुटलं, सोमवारपासून तुंबलेलं, मोठ्यानं, नाकातोंडातून. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. डबा तेवढा माझ्या हातातून काढून घेतला, सांडेल म्हणून.

आणि माझ्या रडण्यानं म्हणा, भुकेनं म्हणा, कस्तुरी उठली. आधी किरकिरली, मग तिनं पाठीची कमान केली, विश्वेशच्या पोटावर पाय झाडले आणि भोकाड पसरलं. सगळा वॉर्ड बघायला लागला. "ले ले, घे ना हिला," विश्वेश घामाघूम होऊन म्हणत होता. मी उठले नाही. डॉक्टर अंतरा पलीकडच्या खाटेजवळून म्हणाल्या, "दूध पिलाइए ना. किसका इंतजार है?" मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असावं, कारण त्या जवळ आल्या. मी हळूच विचारलं, "त्यातून नाही ना जात ते?" काय ते त्यांनी विचारलं नाही. "नाही हो," त्या मराठीत म्हणाल्या, त्यांचं मराठी जरा अडखळत होतं. "ते जन्माच्या आधीच गेलं, जे जायचं ते. आता थोडंसं उरलंय. महिन्या-दोन महिन्यांत तेही संपेल." "मग?" "मग तिचं तिचं. आता हा ताप झाला, त्यातून तिच्या रक्तात जे तयार होईल ते तिचं स्वतःचं, ते तिच्याजवळ राहील." "म्हणजे पुढच्या वेळी..." मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी लवकर आणा."

मी तिला घेतलं. तिच्या अंगाला औषधाचा आणि विश्वेशच्या शर्टाचा वास येत होता. ती डोकं आपटत, रागानं, शोधत होती, आणि सापडल्यावर तिनं इतक्या जोरात ओढलं की माझ्या पाठीपर्यंत कळ गेली. लोक म्हणतात मूल आईचं असतं. मीही रोज तिच्यात माझं शोधत असते, नाक माझं, हट्ट माझा, झोपताना उजवा हात डोक्याखाली घ्यायची सवय माझी, आणि सापडलं की विश्वेशला बोलावून दाखवते. आज पहिल्यांदा मला वाटलं की हिच्यातलं माझं संपावं, थेंबभरसुद्धा उरू नये, आणि मग हिला जे काही व्हायचं ते हिचं होवो. तिच्या गालाला माझा गाल लागला होता. संप गं बाई लवकर, मी स्वतःलाच म्हणत होते, आणि ती पीत होती.